चित्र तेवढं स्वच्छ दे

"शिरपाल, चित्र येत न्हाई," हौसाक्का म्हणाल्या.

मी टीव्हीसमोरच उभा होतो आणि चित्र येत होतं. नुसतं येत नव्हतं, झकास येत होतं. बातम्या सांगणाऱ्या बाईच्या गळ्यातल्या माळेचा मणी न् मणी दिसत होता.

"येतंय की आक्का. चांगलं येतंय."

"कुटं येतंय? समदं धुरकाट. चुलीत वली लाकडं घातल्यावानी."

मी टीव्हीच्या मागे गेलो, जॅक काढला, सदऱ्याच्या टोकाने पुसला, त्यात एक जोरदार फुंकर मारली आणि होता तसा परत बसवला. केबलच्या धंद्यात अर्धा जन्म घालवल्यावर मला एवढं कळलेलं होतं की निम्म्या तक्रारी फुंकरीने बऱ्या होतात. गिऱ्हाइकाला आपण काहीतरी करताना दिसलं पाहिजे.

"आता?"

"जरा बरं हाय," हौसाक्का म्हणाल्या. पण म्हणाल्या त्या माझ्याकडे तोंड करून, टीव्हीकडे नाही.

स्वयंपाकघराच्या दारात त्यांची नातसून स्नेहल उभी होती. दोन्ही हात पिठाने भरलेले. तिने भुवया उडवून मला खूण केली, म्हणजे काका, हे असंच आहे, मनावर घेऊ नका. मीही नाही घेतलं. म्हातारं माणूस, नातू धीरज बेदाण्याच्या कोल्ड स्टोरेजवर कामाला, रात्री उशिरा येतो, मुलगा-सून कारखान्याच्या कॉलनीत लांब राहतात. चार शब्द बोलायला कोणीतरी यावं, म्हणून केली असेल तक्रार.

मी चपला घालत असताना त्यांनी हळूच विचारलं, "शिरपाल, खरं सांग. तुजी केबल मरायला टेकली म्हणत्यात. तेच्यामुळं हुतंय व्हय असं?"

"कोण म्हणतंय?"

"समोरची मालन म्हनतीया. आता समदं फोनात आलंय म्हनं."

"मालनवैनींना काय, बोलायला लागतं," मी हसून म्हणालो आणि निघालो. पण गल्लीच्या टोकापर्यंत काही ते हसू टिकलं नाही.

तासगावात माझी केबल सुरू झाली ती ह्याच सुतार गल्लीतून, हौसाक्कांच्या गच्चीवरून. मी तेव्हा पंचविशीत होतो. सांगलीहून टेम्पोत घालून डिश आणली होती आणि ती ठेवायला गावात कोणी गच्ची देईना. एक म्हणाला, वीज पडेल. दुसऱ्याला वाटत होतं तिच्या किरणांनी म्हैस आटेल. तिसऱ्याने तर बेदाणा काळा पडतो असं शपथेवर सांगितलं. टेम्पोवाला घाई करत होता आणि मी रडकुंडीला आलो होतो. तेव्हा हौसाक्का दारातून बाहेर आल्या, डिशभोवती एक चक्कर मारून म्हणाल्या, "केवडी थोरली परात ही! ह्यातनं काय येतं?"

"चित्र येतं."

"कुटनं?"

"आभाळातून."

त्यांनी मान वर करून आभाळाकडे बघितलं, मग माझ्याकडे. त्यांचे मालक सुतार होते, बैलगाड्या करायचे. आपल्या हाताने काही उभं करणाऱ्या माणसाबद्दल त्या घरात आधीपासूनच माया होती. गल्लीतला सगळ्यात उंच स्लॅब त्यांचा. म्हणाल्या, "चढव वर."

मी भाड्याचं विचारलं तर मला गप्प केलं. "भाडं-बिडं न्हाई पायजे. चित्र तेवढं स्वच्छ दे."

पुढे सगळं बदललं. सिग्नल सांगलीहून जमिनीखालच्या वायरीतून यायला लागला, डिशचं काम संपलं. हौसाक्कांनी ती उताणी करून घेतली आणि तिच्यात जुनं लुगडं अंथरून उन्हाळ्यात सांडगे वाळत घालायला लागल्या. चॅनेलच्या एखाद्या साहेबाने ते बघितलं असतं तर त्याला घेरी आली असती. मला मात्र ते बघून बरं वाटायचं.

आणि रोज संध्याकाळी साडेसातला त्यांच्या सोप्यात बायका जमायच्या. टीव्ही प्रत्येकीच्या घरी होता, कनेक्शन माझंच होतं, तरीही यायच्या. मालिकेतली शाल्मली रडायला लागली की डोळे एकटीला पुसता येतात, पण तिच्या जावेला, त्या कामिनीबाईला, शिव्या द्यायच्या म्हणजे सोबत लागते. बेदाण्याचा हंगाम असला की सगळ्यांच्या मांडीवर सुपं असायची. हात काड्या वेचायचे, डोळे टीव्हीवर, तोंडं चालूच. मालन कदम तर मालिकेतल्या माणसांपेक्षा जास्त बोलायची. ती असताना चॅनेलवाल्यांनी संवाद लिहिले नसते तरी चाललं असतं.

अशातच चॅनेलने आम्हा केबलवाल्यांना सांगलीला एका हॉटेलात बोलावलं. पडद्यावर आलेख दाखवले. कोट घातलेला तरुण साहेब म्हणाला, प्रेक्षक आता फोनवर गेलाय, परदेशी कंपन्या त्याला पळवताहेत, आपण बदललं नाही तर संपलो. आम्ही माना डोलावल्या. मग तो म्हणाला, म्हणून आम्ही आमचं ॲप आणलंय, आणि त्याच्यावर उद्याचा भाग आजच दिसणार आहे.

मागच्या रांगेतून विट्याचा एक केबलवाला उठला. "साहेब, मग आम्ही घरोघरी कालची भाकरी विकायची व्हय?"

सगळे हसले. साहेबही हसला. मग चहा आणि खारी आली आणि मीटिंग संपली. मला त्या साहेबाचा राग आला नाही, त्याचंही बरोबरच होतं. त्याच्या घराला आग लागली होती, तो मिळेल ती बादली उचलत होता. फक्त ती बादली आमच्या हौदातली होती.

सुतार गल्लीत ते ॲप पहिल्यांदा आलं ते स्नेहलच्या फोनवर. साडेसातला ती भाकऱ्या बडवत असायची, त्यामुळे बाहेरच्या सोप्यात चाललेली मालिका तिला नुसती ऐकू यायची. धीरजने तिला ॲप घेऊन दिलं. मग ती मिठाच्या बरणीला फोन टेकवून उद्याचा भाग आज बघायला लागली, पोळपाटाशेजारी, आपल्या सवडीने. बिचारीने त्यात वाईट काहीच केलं नव्हतं. पण दुसऱ्या दिवशी सकाळी पाणी भरताना मालनने सहज विचारलं, "स्नेहल, उद्या काय झालं गं?"

इथून सगळं बिघडलं. उद्या काय झालं, हे आमच्या गल्लीला आज कळायला लागलं. शाल्मलीवर चोरीचा आळ येणार, हे बायकांना आदल्या दिवशीच ठाऊक. मग साडेसातला येऊन बसायचं कशाला? आधी एक यायची थांबली, मग दुसरी. मग त्यांच्या पोरांनी त्यांना फोनवर तेच ॲप घालून दिलं. आणि मग माझे बॉक्स परत यायला लागले.

आमच्याकडे शेजारणीचं भांडं रिकामं परत करत नाहीत. बायकांनी सेट टॉप बॉक्सलाही तोच न्याय लावला. मालन बॉक्स घेऊन आली तो धुतलेल्या पंच्यात गुंडाळून, वर मूठभर बेदाण्यांची पुडी. "राग मानू नका भावजी," म्हणाली. बॉक्स परत देणाऱ्या बाईवर रागवायचं तरी कसं? घरात पुड्या साचत गेल्या. माझ्या बायकोने त्यांचा शिरा केला आणि मला तो घशाखाली उतरेना.

सांगलीचा एक मोठा केबलवाला माझा सगळा धंदा उचलायला तयार होता. मी त्याला अक्षय्य तृतीयेपर्यंत थांब म्हटलं होतं. मनाशी ठरवलं होतं की सुतार गल्ली राहिली तर मी राहीन. जिथून सुरुवात केली ती गल्लीच सुटली, तर मग बाकीचं सांभाळून काय करायचं?

एका संध्याकाळी मालिकेच्या वेळेला मी मुद्दाम तिकडून गेलो. हौसाक्का एकट्या बसल्या होत्या. टीव्हीच्या अगदी जवळ, मान जरा तिरकी करून. मांडीवर सूप होतं, हात थांबलेले.

"बायका नाहीत?"

"न्हाई येत. त्यांस्नी आदीच ठावं असतंय समदं."

"मग तुम्ही बघा की निवांत."

"बगते की," त्या म्हणाल्या. "पर येकटीला काय कळत न्हाई बग. आता कोन आली ही?"

"कामिनी."

"आन कुटं निगाली?"

"देवघरात."

"हां," असं म्हणून त्यांनी सुस्कारा सोडला आणि सुपातला बेदाणा हाताने चाचपला. मी उंबऱ्यातच बसलो आणि मालिका संपेपर्यंत उठलो नाही. मला त्या मालिकेत काडीचाही रस नव्हता. पण मी निघालो असतो तर त्या पुन्हा एकट्या पडल्या असत्या, आणि ते मला बघवत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी स्नेहलला दारात गाठलं. ती सडा घालत होती.

"स्नेहल, तू गल्लीला उद्याचं सगळं सांगतेस ना?"

तिचा चेहरा उतरला. "काका, त्या विचारतात म्हणून सांगते. तुमचं नुकसान व्हावं असं माझ्या मनातही नव्हतं हो. उद्यापासून नाही सांगत."

"नाही नाही, सांग. रोज सांग." मी आवाज खाली आणला. "फक्त खोटं सांग."

ती बादली खाली ठेवून माझ्याकडे बघतच राहिली.

"म्हणजे शाल्मली माहेरी जाणार असेल तर जाणार नाही म्हण. कोणी बरा होणार असेल तर त्याला मारून टाक. काही कर. बायकांना वाटलं पाहिजे, हे कसं काय झालं, बघायलाच पाहिजे. ॲपवर बघतील म्हणशील, तर फोन पोरांच्या हातात असतात, बायकांना धड मिळत नाहीत. त्या तुझ्यावरच अवलंबून आहेत."

"आणि पकडली गेले तर?"

"म्हणायचं, ॲपवाल्यांनी ऐनवेळी बदललं."

आधी तिच्या ओठाचा एक कोपरा हलला, मग दुसरा, आणि मग ती तोंडावर हात धरून अशी काही हसायला लागली की मालनने समोरच्या खिडकीतून डोकं बाहेर काढलं. कवठे महांकाळची पोर, मराठी घेऊन बी.ए. झालेली, लग्न होऊन दोन वर्षं भाकऱ्या बडवत होती. मी तिच्यापुढे काय टाकलं होतं, हे माझं मलाच उशिरा कळलं.

"पण काका, मलाही साडेसातला बाहेर बसायचंय. सगळ्यांबरोबर. मी खोटं सांगणार आणि त्यांची तोंडं बघायला मीच नसणार, हे नाही चालायचं."

मी भीत भीत हौसाक्कांकडे विषय काढला. त्या उलट माझ्यावरच उखडल्या. "भाकरी काय पळून जाती व्हय? सातच्या आत कर न्हाईतर आठानंतर कर! म्या कवा न्हाई म्हटलं तिला? तीच आत बसती दार वडून. मला वाटलं, शिकल्याली पोर, आमच्यात बसाय लाजती."

दोन वर्षं दोघी एका घरात राहून एकमेकींबद्दल असलं काही धरून बसल्या होत्या. असो.

स्नेहलने पहिलं खोटं सांगितलं ते जपून. शाल्मलीचा नवरा आज गावाला जाणार म्हणाली. तो गेला नाही. मालनने दुसऱ्या दिवशी तिला अडवलं, स्नेहलने ॲपवाल्यांवर ढकललं. मग तिला कंठ फुटला. शाल्मलीला जुळी होणार. कामिनीबाईच्या खोलीत भिंतीमागे आणखी एक खोली आहे. माळीबुवा म्हणजे माळीबुवा नाहीतच. गल्ली सैरभैर झाली. खरं काय ते बघायला पहिल्यांदा मालनच सूप घेऊन सोप्यात येऊन बसली. माझ्याकडे बघून म्हणाली, "बॉक्स काही मी परत घेणार नाही हं. आक्काच्यात बघायला आले." मग बाकीच्या आल्या. गंमत अशी की खरा भाग बघून त्यांचं तोंड वाकडं व्हायचं. "हॅट, स्नेहलची गोष्टच बरी होती," असं म्हणत उठायच्या आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा यायच्या. हौसाक्का खूश होत्या. मी तर स्वतःवर इतका खूश होतो की चालताना शीळ वाजवायचो.

मग तो नथीचा दिवस आला.

मालिकेत शाल्मलीच्या सासूची जुनी नथ चोरीला गेली होती आणि आळ शाल्मलीवर होता. गल्लीने ते फार मनाला लावून घेतलं होतं. त्या दिवशी सकाळी स्नेहलने आपल्या कारकिर्दीतली सगळ्यात मोठी थाप मारली. म्हणाली, आज डोहाळजेवणाच्या कार्यक्रमात कामिनीबाई तीच नथ घालून जिना उतरणार. चोरलेलं आहे हे विसरून, नटायच्या नादात. सगळ्यांसमोर सापडणार. पाण्याची कळशी तशीच खाली ठेवून मालन ऐकत राहिली. हौसाक्का उंबऱ्यात बसल्या होत्या, त्यांनीही सगळं ऐकलं.

साडेसातला सोपा भरला. बसायला जागा नव्हती. जॅक बघायचं निमित्त करून मीही भिंतीला टेकून उभा राहिलो, माझं कर्तृत्व बघायला. स्नेहल हौसाक्कांच्या शेजारी, गुडघे पोटाशी घेऊन. ओठ दाबून हसू आवरत होती.

पडद्यावर डोहाळजेवणाची गर्दी. मग जिना. मग त्या मालिकांत असतं तसं सगळं थांबलं, ढोल वाजायला लागले, आणि पैंजणांच्या आवाजात कामिनीबाई एकेक पायरी उतरायला लागली. आधी पाय, मग शालूचा काठ, मग हार. सुपातले हात थांबले होते. मग चेहरा आला, तीनदा आला, ह्या बाजूने, त्या बाजूने, समोरून.

नाक मोकळं होतं. नथ-बिथ काही नव्हती.

"घातली!" हौसाक्का ओरडल्या. मांडीवर थाप मारून त्या पुढे सरसावल्या, टीव्हीकडे बोट केलं. "घातली की गं नथ! बगा बगा, कशी मिरवतीया मेली! म्हनली व्हती का न्हाई आमची स्नेहल?"

सोप्यात एवढी शांतता मी कधी अनुभवली नव्हती. बायकांनी आधी टीव्हीकडे बघितलं, मग हौसाक्कांकडे. त्यांचा चेहरा आनंदाने फुलला होता आणि बोट तसंच समोर होतं, कामिनीबाईपासून वीतभर बाजूला, भिंतीच्या दिशेने. मालनचं तोंड उघडं राहिलं.

सगळ्यात आधी सावरली ती स्नेहल. तिने हौसाक्कांच्या पाठीवर हात ठेवला. म्हणाली, "हो आज्जी. घातली. मोत्यांची आहे, मधे लाल खडा. काय झळकतीय!"

"आन बाकीची? बाकीची काय करत्यात?"

स्नेहलने मालनकडे बघितलं. आणि आयुष्यात कधी कोणाला बरं न बोललेली मालन कदम पदराने डोळे टिपत म्हणाली, "काय करत्यात म्हणजे? समद्यांची बोटं तोंडात! सासू उठली बघा जाग्यावरनं. कामिनीचं तोंड असं पडलंय आक्का, तुम्हाला काय सांगू!"

मग एकीने शाल्मलीच्या डोळ्यातलं पाणी सांगितलं. दुसरीने नवऱ्याची खाली गेलेली मान. टीव्हीवर कामिनीबाई हसत हसत ओटी भरत होती, आणि सोप्यात त्याच वेळी ती पकडली जात होती, सगळ्यांसमोर, रडत, नथ काढून देत. हौसाक्का कान टवकारून बसल्या होत्या. मला तिथे उभं राहवेना, मी बाहेर पायरीवर येऊन बसलो.

मालिका संपल्यावर मालन माझ्याजवळ थांबली. "भावजी, मी बडबडी म्हणून सगळे हसतात. पण आक्का सारखं विचारायच्या, आता कोन आली, आता कुटं निगाली, म्हणून मी सांगत बसायची. आम्ही यायचं बंद केलं तेव्हा ह्या नुसत्याच बसल्या असतील हो." आणि जाता जाता म्हणाली, "माझा बॉक्स परत आणून बसवा."

पुढचं आधीच सांगून टाकतो. हौसाक्कांच्या दोन्ही डोळ्यांचं ऑपरेशन मिरजेला झालं, आणि पट्टी निघाल्यावर कामिनीबाईला पहिल्यांदा नीट बघून त्या म्हणाल्या, "ही एवडी म्हातारी हाय व्हय? उगंच भ्याले मी हिला." माझा धंदा मी विकला नाही. सांगलीवाल्याला नाही म्हणून कळवलं, त्याच वायरीतून घरोघरी इंटरनेटही द्यायला लागलो, आणि वाढदिवसाचे फोटो आणि बेदाणा व्यापाऱ्यांच्या जाहिराती दाखवणारं माझं जे लोकल चॅनेल होतं, त्यावर साडेसातच्या आधी स्नेहलला बसवलं. आज काय व्हायला पाहिजे, ते ती तिच्या मनाने सांगायची. मग सगळं गाव मालिका बघायचं आणि फोन करून भांडायचं. ॲप लोकांच्या फोनात राहिलंच, का नाही राहणार? पण भांडायला लोक केबलवर यायचे. वर्षभराने सांगलीच्या मीटिंगमध्ये चॅनेलच्या त्याच साहेबाने मला उभं करून विचारलं, तुम्ही नेमकं काय केलंत? मी म्हटलं, साहेब, तुम्ही उद्याचा भाग आज दाखवता, आम्ही तो आज रचतो. त्याने ते लिहून घेतलं. बाकीचं मी त्याला सांगितलं नाही, आणि सांगितलं असतं तरी त्याच्या आलेखात ते कुठे बसलं असतं कोणास ठाऊक.

ते बाकीचं म्हणजे नथीच्या दुसऱ्या दिवशीची सकाळ. मी हौसाक्कांच्या गच्चीवर गेलो. त्या डिशमध्ये सांडगे घालत होत्या, बोटांनी जागा चाचपून, एकाला एक लागू न देता.

"आक्का, काल नथ नव्हती," मी म्हटलं.

"ठावं हाय." त्यांनी मान वर केली नाही. "बाया येकदम गप झाल्या आन मग येकदम बोलाय लागल्या. मालन इतकं ग्वाड जल्मात बोलल्याली न्हाई. तवाच वळाकलं म्या."

"तुम्हाला कधीपासून दिसत नाही?"

"मला? मला काय झालंय? तुजं चित्रच येत न्हाई, वरीस झालं." त्या आता माझ्या दिशेने वळल्या. "तुला सांगितलं तर तू यायचास, फुकायचास आन जायाचास. मला वाटलं, पोराला दुरुस्त हुईना, लाजतंय ते. कशाला सारकं बोलवून त्येला खाली बगाय लावायचं? म्हनून सोडलं सांगायचं."

"पण बायकांना विचारायचं तरी, तुम्हाला दिसतं का म्हणून."

"आन काय विचारू?" त्या एकदम तडकल्या. "तुजी केबल उभी ऱ्हायली ती माज्या गच्चीवर. आन मीच गल्लीत बोंब मारू, चित्र येत न्हाई म्हनून? मालन तर बॉक्स द्याला टपूनच बसल्याली. चार घरं आनि सुटली असती. त्या काय म्हनायच्या तर म्या म्हनायची, झकास दिसतंय, लई स्वच्छ. मला वाटायचं त्यास्नीबी दिसत न्हाई, त्याबी तुज्या तोंडाकडं बगून गप ऱ्हात्यात."

मी त्यांच्याशेजारी उकिडवा बसलो. खाली गल्लीत कोणीतरी पाणी भरत होतं.

"सुईत दोरा तरी ओवता येतो का तुम्हाला?"

"ती येगळी गोष्ट. त्यो वयाचा दोष. पर टीव्ही कसा, उजेडाचा. उजेड बगाय डोळं कशाला लागत्यात?"

"आक्का, लागतात," मी म्हटलं. "केबल ठणठणीत आहे. मोतीबिंदू झालाय तुम्हाला. तुमच्या डोळ्यांचं आहे हे."

त्यांचा हात डिशच्या कडेवर थांबला. मी घाईघाईने पुढचं सांगणार होतो, घाबरू नका, मिरजेला चांगले डॉक्टर आहेत, मी स्वतः नेतो. पण त्यांनी मला बोलू दिलं नाही.

"म्हंजी तुजं चित्र येतंय?"

"येतंय आक्का."

"मालनच्यातबी?"

"तिच्यातही."

"समद्या गावात?"

"सगळ्या गावात. स्वच्छ येतंय."

त्या हळूच कठड्यावर टेकल्या. पदराने कपाळ पुसलं. वर्षभर छातीवर धरलेलं ओझं कोणीतरी उतरवून घ्यावं, तसा त्यांनी मोठा श्वास सोडला आणि हसल्या.

"मग बरं झालं रं बाबा," त्या म्हणाल्या. "मला वाटलं, तुजंच काय तरी गेलं."